बुजवलेली रेघ

काळ्या रंगाने बुजवलेली रेघ भर दुपारी दिसत नाही. ऊन कलले की मात्र तो काळा रंग चकाकतो आणि शेजारच्या झिजलेल्या पांढऱ्या रेघेपेक्षा उजळ भासतो. चांगल्या नजरेचा माणूस क्षणभर चकतो, मग काळे ते काळे हे त्याला कळते. गाडीला कळत नाही.

त्यासाठीच ती इंजिनिअर या वेळी या रस्त्यावर आली होती. आपोआप चालणाऱ्या गाडीला रस्त्यावरच्या रेघा कितपत ओळखता येतात, हे तपासणे तिचे काम. ती मागे बसली होती. कॅमेऱ्याला सापडलेली रेघ तिच्या मांडीवरच्या स्क्रीनवर हिरव्या दोऱ्यासारखी उमटत होती. पुढे चाचणीचा ड्रायव्हर, स्टिअरिंगला हात न लावता, पण लावायच्या तयारीत. त्याच्या शेजारी तिचे वडील. आज घरच्या एका माणसाला आणायची मुभा होती, आणि ते सकाळपासूनच इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते.

वडील खुशीत होते. आपण जन्मभर याच रस्त्यावर बस हाकली, नुसता बसून पगार घेणारा ड्रायव्हर आजच पाहिला, असे त्यांनी त्याला ऐकवले. तोही हसला. मग चिऊचा, तिच्या लेकीचा, विषय निघाला. नातीला रोज गाडीने शाळेत सोडायचे काम त्यांचे. बायको गेल्यापासून त्यांचा दिवस त्या फेरीनेच सुरू होई. शाळेच्या दारातला शिपाई आधी आपल्याला सलाम ठोकतो, मग मुख्याध्यापकांना, असे ते सांगत होते. वाटेत आजोबा-नातीचा एक खेळ चालतो. सिग्नल आला की आजोबांनी विचारायचे, कुठला दिवा गं? चिऊने रंग सांगायचा.

"एकदाही चुकत नाही पोरगी," ते म्हणाले.

हा खेळ चिऊने तिला केव्हाच सांगितला होता. घरच्या गाडीच्या दारावरचा लांब ओरखडाही तिने पाहिला होता, आणि तो कुणा मोटारसायकलवाल्याने मारला हे बाबांचे म्हणणे मान हलवून ऐकून घेतले होते. रविवारी निवांत बोलू, असे ती स्वतःला सांगायची. रविवारी बाबा चिऊचे बूट पॉलिश करत बसलेले असायचे.

वळण आले. पदपथ रुंद केला तेव्हा इथल्या रेघा सरकवून जुन्या बुजवल्या होत्या. स्क्रीनवरचा हिरवा दोरा थरथरला, पांढऱ्या रेघेवरून उठला आणि काळ्या चकाकीवर जाऊन बसला. स्टिअरिंग आपसूक फिरले. गाडी पदपथाकडे सरकू लागली. ड्रायव्हरने शांतपणे स्टिअरिंग धरून तिला जागेवर आणले.

"का ओढलीस रे?" वडिलांनी त्याला विचारले. "रेघेला धरून सरळ चालली होती की."

ड्रायव्हरने आरशातून तिच्याकडे पाहिले. तिने गाडी कडेला घ्यायला सांगितली.

"कुठल्या रेघेला, बाबा?"

"ही काय, पांढरी." त्यांचे बोट काळ्या रंगाकडे होते. खरी पांढरी रेघ त्याच्या शेजारीच होती. "एवढी ठसठशीत तर आहे. गाडीचे डोळे चांगले आहेत गं तुमच्या. चष्मा याला लावा."

कुणी हसले नाही. वडिलांनी एकदा ड्रायव्हरकडे, एकदा मागे तिच्याकडे पाहिले, आणि बोट हळूच मिटून हात मांडीवर ठेवला.

गाडीचे काही अवघड नव्हते. या वळणाची हजारो चित्रे दाखवली की काळे कुठले आणि पांढरे कुठले हे ती शिकणार होती. तिने स्क्रीन बंद केली. पदपथावरून दप्तरे घेतलेल्या दोन मुली एकमेकींना ढकलत चालल्या होत्या. वडीलही तिकडेच पाहत होते. त्या त्यांना दिसत होत्या की नाही, हे तिला सांगता आले नसते.

"निघू या," ते म्हणाले. "सकाळी चिऊला लवकर पोचवायचंय. कवायत आहे त्यांची."

तिने मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. शर्टाची इस्त्री अजून मोडली नव्हती.

"बाबा," ती म्हणाली, "उद्यापासून चिऊला शाळेत मी सोडणार."