मामांची झडती

तेलशुद्धीकरण कारखाना बंद पडला आणि अर्धी वसाहत गाव सोडून गेली. फिटरनेही बॅग भरली होती. बायको म्हणाली, “अहो, आज माझे पाव खपले, तर बॅग रिकामी करायची.” कारखान्याच्या फाटकावरच्या चौकीत तिने भट्टी बांधली होती. बघायला जुने कामगार जमले, पण काडेपेटी एकाकडेही नव्हती. फाटकातून काडी न्यायची नाही, ही सवय खिशांनाही लागली होती. “मामा, आता तुमची झडती!” फिटर म्हणाला. जन्मभर सगळ्यांचे खिसे चाचपणाऱ्या पहारेकरी मामांनी मुकाट हात वर केले. काडेपेटी त्यांच्याच खिशात निघाली. “इतकी वर्षं तुम्हीच नेत होतात?” “मला कोण तपासणार?” मामा म्हणाले. “पेटव, सूनबाई!” हशा पिकला, भट्टी धडधडली. दुपारी पाव पोचवायला टोपल्या पुरेनात. फिटर घरी धावला आणि कपडे पलंगावर ओतून बॅग घेऊन आला.