तिसरा भाग

सिंकमध्ये चमचा घसरून खणकला आणि दुपारी झोपलेली लेक उठली.

मी कम्प्युटरसमोर रडकुंडीला आले होते. हार्ड डिस्कचे दोन भाग करायला गेले, एक माझ्या कामाला, एक तिच्या फोटोंना. आणि तिचे जन्मापासूनचे फोटोच पुसले गेले. कॉपी काढायची राहिली होती.

"आई रडते! शेंबडी आई!" म्हणत ती मांडीवर चढली.

तेवढ्यात स्क्रीनवर तिसरा भाग दिसला. तो मी केलाच नव्हता. उघडला, तर सगळे फोटो सुखरूप! जिवात जीव आला. तिला कवटाळून मी फोटो पुढे सरकवत गेले: पाळणा, पहिलं पाऊल, कालचा झोपाळा.

त्याच्याही पुढे फोटो होते.

तिने आपले सगळे दात चाचपले, मग स्क्रीनवरच्या तिच्याच बोळक्या हसण्यावर बोट ठेवलं.

"आई, माझे पुढचे दात कधी पडले गं?"