उतरतं पाणी

मधल्या सुट्टीत वर्ग डबे उघडून बसला होता. ओडीलपुढे मात्र सकाळचाच पेपर होता. पाच गणितं कोरी. जिथे जिथे उणेला उणेने गुणायचं होतं, नेमकी तीच.

"नियम येत नाही असं तर नाही तुझं," मेलानसन सर तिच्या बाकाशी वाकून म्हणाले. "परवा फळ्यापुढे घडाघडा म्हणून दाखवलास."

"म्हणता येतो, सर. पटत नाही."

"अगं, पटायला काय भांडण आहे ते? उणे गुणिले उणे, उत्तर अधिक. लिही आणि मोकळी हो. ही पाच राहिली तर पुढच्या वर्षी सगळे बीजगणिताला जातील आणि तू पुन्हा सातवीचंच पुस्तक घेऊन बसशील. संध्याकाळी मला गुण कळवायचेत."

ओडीलने खालचा ओठ दाताखाली धरला. "थंडीत थंडी कालवली तर ऊब येते का, सर?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. सरांनी कोऱ्या गणितांवरून बोट फिरवलं. त्यांनाही तो नियम असाच मिळाला होता, हातावर ठेवलेल्या खाऊसारखा. कुठून आला, ते कुणी विचारलं नव्हतं.

तेवढ्यात खिडकीशी गलका झाला.

"बाझील, ए बाझील!" झेली किंचाळली. "तुझ्या आत्याच्या नवऱ्याने होडी वाळत घातलीय बघ!"

बाकीचे सगळे खिडकीला चिकटले. खाली खाडीवरच्या धक्क्याच्या खांबाला एक छोटी होडी नाकाने टांगलेली होती, गळाला लागलेल्या माशासारखी. भरतीला बांधताना दोरी आखूड ठेवलेली. या खाडीत ओहोटीला पाणी चार-चार मजले उतरायचं; ते खाली निघून गेलं, होडी वरच राहिली. आणि धक्क्यावर रबरी बूट घातलेला एक माणूस हात हवेत उडवत धावत होता.

बाझीलने दोन्ही हातांनी डोकं धरलं. "तळ्याकाठचा आहे रे तो. त्यांच्याकडे पाणी बसल्या जागचं हलत नाही."

हशा पिकला. ओडीलही हसली, पण बाकावरून उठली नाही. सर मात्र खिडकीतून खाली बघतच राहिले. जरा वेळाने मागे न वळताच म्हणाले, "ओडील, इकडे ये. पेपर राहू दे तिथेच."

ती आली.

"आत्ता पाणी जिथे आहे, ते शून्य. धरून चल, तासाला दोन मीटर उतरतंय. कसं लिहिशील?"

"उणे दोन."

"तीन तासांनी कुठे असेल?"

"उणे सहा. चिखलात." हे तर गावातलं शेंबडं पोरही सांगेल, असा तिचा चेहरा होता.

"आता मागे चल. पुढचे तास अधिक, तर मागचे?"

"उणे."

"तीन तास मागे. पाणी उतरतंच आहे, उणे दोन. तास उणे तीन." सरांचा आवाज खाली आला. आपण कुठे निघालोय ते त्यांनाही आत्ताच दिसत असावं. "कुठे होतं पाणी?"

ओडीलने बोटांवर मोजलं नाही, ओठही हलवले नाहीत. ती खांबाकडे बघत होती. पाण्यालगत हिरवं, त्यावर काळं, आणि खूप वर, जिथे ओल संपत होती, तिथे तीन तासांपूर्वीच्या भरतीची एक सरळ रेघ. पाणी गेलं, रेघ राहिली. जन्मल्यापासून ती ही रेघ रोज बघत आली होती.

"वर," ती म्हणाली.

"किती?"

खांबावर मीटरमीटरवर पांढरे पट्टे रंगवलेले होते. ती पाण्यापासून वर मोजू लागली, आणि तिच्याबरोबर झेली, मग बाझील, मग अख्खा वर्ग. शेवटचा आकडा कुणी मोठ्याने म्हटलाच नाही. सहाव्या पट्ट्याशी ओल थांबली होती.

बाझीलच्या हातातला पाव तसाच राहिला.

"सर," ओडील हळूच म्हणाली, "पाण्याला हा नियम कुणी शिकवला?"

"माझ्या आत्याच्या नवऱ्याने नाही, एवढं नक्की," बाझील पुटपुटला. या वेळी मात्र कुणी हसलं नाही.

"मग आधी काय, सर? कागदावरचं की पाण्यातलं?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मला ठाऊक नाही, पोरी," ते म्हणाले. "खरंच नाही."

एवढ्या वर्षांत कुणा मोठ्या माणसाने तिला असं उत्तर दिलं नव्हतं. ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग खाली, दूरवर पसरलेल्या त्या करड्या पाण्याकडे. ते आपलं निघालं होतं, कुणाला न विचारता.

ती बाकाशी गेली. पहिल्या कोऱ्या गणितावर पेन्सिल टेकवली. आधी एक आडवी रेघ ओढली, अगदी उणेची असावी तशी. क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग उभी रेघ काढायला तिने पेन्सिल खाली नेली, आणि तिथून सावकाश, श्वास रोखून, वर आणली.