जादा दिव्यांचं बटण

वळसंगला भर दुपारी अभिमन्यू दारात बसून मोटारसायकलच्या जादा दिव्यांना वेगळं बटण जोडत होता. बायको वैजयंती वायर धरून उभी होती. बाजेवर त्याची आई सोजरबाई तूर निवडत रोजच्यासारखी त्याला टोचत होती.

त्यानं बटण दाबलं, दिवे लागले.

"तुज्यापरीस तुजा भाऊ शा..."

तेवढ्यात त्यानं दिवे बंद केले. सोजरबाईचा हात सुपावर तसाच थांबला. डोळे उघडे, तोंड उघडं.

त्यानं पुन्हा दिवे लावले.

"...णा हुता," सोजरबाई म्हणाली आणि खडा वेचून फेकला.

अभिमन्यूनं दिवे बंद केले. वैजयंतीनं धावत जाऊन सासूच्या नाकाशी बोट धरलं. श्वास नव्हता.

"अवो, लावा आदी!"

दिवे लागले. बोटाला ऊन श्वास लागला आणि सोजरबाईनं ते झटकलं. "मी मेले का काय बगतीस व्हय?"

वैजयंती दोन पावलं मागं सरली. "आता ऱ्हाऊ द्या चालूच."

अभिमन्यूनं आईकडं बराच वेळ पाहिलं. ती अजून बोलतच होती.

"बॅटरी उतरंल की," तो म्हणाला, आणि बटण दाबून हात धुवायला आत गेला.