निरंक

"साठ वर्षांचा इतिहास आहे या घाटरस्त्याचा," पाहणीला आलेल्या महामार्गाच्या साहेबांनी फाइलीतलं पान सावनीपुढे धरलं. "या ठिकाणी अपघात निरंक. मग भुयारी मार्ग कशाच्या आधारावर मंजूर करू?"

सावनीने पान वाचलं. एका हाताने पहिलीतल्या ईशाचं मनगट तिने धरून ठेवलं होतं. वाडी रस्त्याच्या या अंगाला, शाळा त्या अंगाला. मधे नवे कोरे चार पदर आणि दुभाजकात माणूसभर फट. शाळा भरायला दहा मिनिटं होती. वाडीतली आणखी आठ मुलं दप्तरं पाठीला लावून तिच्यामागे खोळंबली होती.

किती अपघात झाले की भुयारी मार्ग मिळतो, तिने विचारलं. साहेबांनी नियम सांगितला, अगदी सावकाश, समजावून. इतक्या वर्षांत इतके मृत्यू झाले, तर जागा धोकादायक ठरते. मग प्रस्ताव जातो.

"आई, दुखतंय," ईशा म्हणाली. सावनीने पकड सैल केली.

"अपघात हुईल कसा, सायब?" शेजारच्या यमुनाबाई पुढे आल्या. "हितं राखणदाराची घुमटी व्हती. सगल्या गाड्या थांबायच्या, तवा पोरं पल्याड जायाची."

खोटं नव्हतं ते. घाट इथूनच चढायला लागतो. घाटाच्या देवाला, राखणदाराला हात जोडल्याशिवाय, त्याच्या एवढ्याशा घुमटीत नाणं टाकल्याशिवाय एकही गाडी वर जात नसे. रुंदीकरणात घुमटी जाणार म्हटल्यावर गाव खवळलं, देवाला वर टेकाडावर देऊळ मागून घेतलं. फरशी बसवलेलं, घंटेसकट मिळालंही. प्रसादाचा शिरा सावनीनेच वाढला होता. गाड्या आता कुठे थांबणार, हे त्या दिवशी कुणालाच सुचलं नाही. तिलाही नाही, आणि ती तर शिकलेली.

देवाचा आणि वाहतुकीचा काय संबंध, म्हणून साहेब हसले.

तेवढ्यात देवरूखची बस आली आणि जिथे घुमटी होती तिथेच थांबली, थोडी तिरकी, दोन्ही पदर अडवून. ड्रायव्हर आत्माराम, निवृत्तीला आलेला. त्याने कापलेल्या दरडीकडे बघून हात जोडले. मागे हॉर्न सुरू झाले. समोरून उतरणाऱ्या जुन्या टेम्पोवाल्याने ते बघितलं आणि त्याचाही पाय ब्रेकवर गेला. त्याच्यामागची गाडीही थांबली.

"चला," सावनी म्हणाली.

नऊ मुलं एकामागोमाग एक फटीतून पलीकडे गेली. ईशाला शाळेच्या फाटकात सोडून सावनी तशीच उलट पळत आली. तोवर साहेबांनी पेन काढलं होतं. महामार्गावर वाहन उभं करणं गुन्हा आहे, असं पुटपुटत ते निघालेल्या बसचा नंबर फाइलीत उतरवत होते. त्या जागेची साठ वर्षांतली पहिली नोंद.

"लिहा, साहेब," सावनीला धाप लागली होती, पण आवाज चढला नाही. "त्याच्यापुढे हेही लिहा, की नऊ मुलं सुखरूप पलीकडे गेली."

साहेबांनी पानावर वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

"त्याला रकाना नाही," ते म्हणाले.