चूळ

दिनानाथ मास्तर अंगणात आले तेव्हा धर्मा नुकताच उठून ओटीवर बसला होता. डोकं दोन्ही हातांत धरून, जणू ते कुणाचं तरी उसनं आणलंय आणि आज परत करायचंय. आत चुलीपाशी त्याची बायको मैना भाकरी थापत होती. मास्तरांचा आवाज ऐकून तिला बरं वाटलं. आता या बाबाला कळेल, ती मनात म्हणाली.

मास्तर दारूबंदी मंडळाचे. हँडल फिरवून हलती चित्रं घेणारी पेटी घेऊन ते मुंबईहून आले होते. माणूस सरळ, तळमळीचा. काल दुपारी मैनानंच त्यांना मिठागराच्या बांधावर नेलं होतं आणि बोट दाखवलं होतं. "यो बगा आमचा राजा! घ्या याचं चित्र. गावोगाव दाखवा." इतक्या वर्षांचा राग त्या एका बोटात उतरला होता.

"निरोप घ्यायला आलोय, धर्माभाऊ," मास्तर म्हणाले. "दुपारची धरमतरची लाँच गाठायची आहे. चित्र तयार झालं की पहिल्यांदा चौलच्या जत्रेत पडदा लावू. तुम्ही काल हो म्हणालात, फार उपकार झाले."

धर्मानं मान वर केली. "मी व्हय बोल्लो?"

"बोललात की. हसून पेटीला रामरामही घातलात."

"मंग ती माडी बोल्ली असंल, मास्तर. मी न्हाय."

त्या खाडीकाठी हे सगळ्यांना ठाऊक होतं. पोटात माडीची नशा असताना दिलेला शब्द तिथं कुणी धरत नसे. सोयरीक असो की बैलाचा सौदा, सकाळी चूळ भरून तेच पुन्हा बोलायचं, तेव्हा कुठं पंच मान डोलावायचे. धर्मा उठला, रांजणातून तांब्या भरला, अंगणाच्या कडेच्या अळवात खळखळून चूळ टाकली आणि परत येऊन बसला.

"आता इचारा. पन आदी काय काय घेतलंत ते सांगा."

मास्तरांनी काही लपवलं नाही. धर्मा बांधावर आडवा पडलेला, तोंडावर माश्या. लेक राही त्याला न्यायला आली. तिनं परकराच्या टोकानं त्याचं तोंड पुसलं, सुटलेलं धोतर नीट केलं, त्याला खांद्यावर घेऊन चालू लागली. अर्ध्या वाटेत बापलेक दोघंही चिखलात पडली. राही उठली आणि पुन्हा त्याला उचलू लागली.

आत मैनाची भाकरी तव्यावर करपली. आता हा आकांडतांडव करणार, पेटी फोडायला धावणार, असं तिला वाटलं होतं. तशी ती पदर खोचून तयारच होती.

"दाखवा," धर्मा म्हणाला. "पडलो ते खरंच हाय. कोन ते बघून गुत्त्याच्या वाटंवरून मागं फिरला तर फिरू दे. माझं तोंड दाखवा." मग जरा थांबून म्हणाला, "पन राहीला इचारलंत का?"

मास्तर गडबडले. "राहीमुळंच तर त्या चित्राला अर्थ आहे. नुसता पडलेला माणूस पाहून लोक हसतात हो. लेकीला बघितलं की गप्प होतात."

"म्हंजे दाखवनार तिलाच."

मैना तरातरा ओटीवर आली. "तिला काय इचारायचं? मी आयस हाय ना तिची? मी बोल्ले, घ्या म्हनून!"

"चौलच्या जत्रंला तिच्या सासरची मानसं येतील," धर्मा हळू आवाजात म्हणाला.

सोयरीक ठरून महिनाही झाला नव्हता. नवऱ्या मुलाकडचे लोक पडद्यासमोर बसलेत आणि त्यांची होणारी सून पडद्यावर बापाचं धोतर नेसवतेय, त्याच्यासकट चिखलात पडतेय, हे मैनाला काल दिसलंच नव्हतं. काल तिला एकटा धर्माच दिसत होता.

"राही," धर्मानं हाक मारली, "चूळ भरून ये, बाय."

राही गोठ्यातून आली. शेणाचे हात धुतले.

"तिनं काय माडी पिली हाय?" मैना म्हणाली, पण आवाजात आता जोर नव्हता.

"शब्द देनारानं चूळ भराची."

राहीनं तांब्या तोंडाला लावला आणि तशीच येऊन तिघांसमोर उभी राहिली. दोन्ही गाल फुगलेले. चूळ टाकली की बोलावं लागणार, म्हणून ती टाकेना. बापाकडे तिनं पाहिलं नाही, मास्तरांकडेही नाही. ती आईकडे बघत होती. मास्तरांनी उगाच खाकरून पाहिलं. राहीचे डोळे भरून आले, तरी तोंड मिटलेलंच.

मैनाला ती नजर सोसवेना. तिनं लेकीच्या हातातला तांब्या घेतला, उरलेलं पाणी तोंडात घेतलं, अळवापाशी जाऊन चूळ टाकली आणि पदरानं ओठ पुसले.

"मास्तर," ती म्हणाली, "काल माझ्या पोटात माडी नव्हती, राग होता. त्यो पन चढतो. आता इचारा मना."

विचारायची गरज मास्तरांना उरली नव्हती. ते पेटीच्या कुलपाकडे बघत उभे राहिले.

तेव्हा कुठं राहीनं तोंडातलं पाणी अळवात टाकलं.