सरदाराची खुर्ची

"नफिल रोजा, आपल्या मर्जीचा, ठेवलास तर गावभर सांगत फिरू नको. तुला ठाऊक आणि अल्लाला ठाऊक, बस." माय ताजुन्निसा हे सांगायची तेव्हा रईसा बारा वर्षांची होती. बाणकोट सुटून सौदीत जुबैलला येऊन पंधरा वर्षं झाली, तरी दर सोमवारी आणि गुरुवारी पहाटे तिला तोच आवाज उठवायचा.

मंगळवारी ड्युटीला निघताना हारूनने तिच्यापुढे चहाचा कप सरकवला. तिने तो परत सरकवला.

"काल सोमवार होता. आज कसला रोजा?"

"असाच. मनात आलं."

हारून बूट घालता घालता थांबला. "माझ्यासाठी ठेवला असशील तर उशीर झालाय. काम गेलं ते गेलं."

तिने डबा त्याच्या हातात दिला.

काम होतं आवाजाचं. आर्थर राजाच्या दंतकथा नव्याने सांगणारी एक मालिका टीव्हीवर चालू होती आणि खोबर शहरातल्या एका स्टुडिओत तिचं उर्दू डबिंग व्हायचं. राजाच्या गोल मेजाभोवती एक अरब सरदारही बसायचा. पहिल्या पर्वाच्या शेवटी तो एका विचित्र जनावराच्या मागे रानात शिरला आणि परतलाच नाही. पुढची दोन पर्वं त्याची खुर्ची रिकामी राहिली. लोक अजून त्याची वाट बघत होते. त्याचा आवाज हारूनचा होता. प्लांटमधल्या शिफ्ट सांभाळून, सुटीच्या दिवशी जाऊन दिलेला.

आता सरदार परत येणार होता. स्टुडिओने हारूनला पूर्णवेळ नोकरी देऊ केली. तीन वर्षं, इकामा म्हणजे राहण्याचा परवानाही त्यांच्या नावावर. प्लांटचं कंत्राट रमजानआधी संपत होतं आणि ईदला कायमचे गावी येतो, असं तो अब्बांना सांगून बसला होता. हुसेनमियाँ ऐंशीचे. डोळे जवळजवळ गेलेले.

"अब्बांना समजावू," हारून म्हणाला होता. "तीन वर्षं काय, अशी जातील."

स्टुडिओची अट एकच होती. सरदार परततोय हे आधी फुटता कामा नये. फुटलं तर आवाज बदलणार.

"कसम खा," त्याने रईसाला सांगितलं.

"अल्लाची कसम. माझ्याकडून कुठे जाणार नाही."

मग तो कपाटात, गोधड्यांमध्ये तोंड खुपसून सराव करत बसला. तसं केलं की आवाज घुमत नाही, हे त्याला स्टुडिओतल्या कुमारने शिकवलं होतं. "राजा, मी परत आलोय. माझी खुर्ची कुणाला दिलीस?" दहा वेळा, वीस वेळा. शेवटी मनासारखं झालं तेव्हा रईसाच्या अंगावर काटा आला. रेकॉर्ड करून त्याने ते वाक्य कुमारला पाठवलं. फक्त कुमारला.

चौथ्या दिवशी ते वाक्य मालिकेच्या चाहत्यांच्या ग्रुपवर फिरत होतं. स्टुडिओचा फोन दोन मिनिटांत आटोपला. खलास.

बुधवारी संध्याकाळी कुमार दारात उभा राहिला. वरच्याच मजल्यावर राहायचा. स्टुडिओत तो रेकॉर्डिंगचं काम सांभाळायचा आणि हारूनला तिथे नेणाराही तोच.

"आत ये म्हणणार नाहीस?"

"कशाला? आणखी काही रेकॉर्ड करायचंय?"

"हारून, मी कशाला पाठवीन? माझ्यामागे पण चौकशी लावलीय त्यांनी."

"ग्रुपवर फिरतंय त्यात मागे चमचा वाजतोय. ग्लासावर. दिवसभर काळा चहा ढवळत कोण बसतं तिथे?"

"चहा काय मी एकटाच पितो?"

"वाक्य तुला एकट्याला पाठवलं होतं." हारूनचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "बारा वर्षं एका ताटात जेवलो आपण. वासंतीवहिनी आजारी होती तेव्हा तुझी मुलं इथे झोपायची. एवढंच सांग, माझी खुर्ची कुणाला दिलीस?"

कुमारचे डोळे भरले. तो रईसाकडे वळला. "वहिनी, तुम्ही तरी सांगा याला."

रईसाने डोक्यावरची ओढणी सारखी केली. "मी काय सांगणार, भाऊ?"

हारूनने दार लावून घेतलं.

गुरुवारी तो कामावरून लवकर आला. "फायनल एक्झिटचा, कायमचं परत जायचा अर्ज देऊन आलो. इथे आता कुणासाठी राहायचं? जाऊ घरी." मग अब्बांना फोन लावला. पलीकडून हुसेनमियाँ लहान पोरासारखे हसत होते. हारूनही जरा हसला. आठवड्यात पहिल्यांदाच.

मगरिबची अजान झाली. खजुराने रोजा सोडून हारूनसाठी तिने डिश झाकून ठेवली. तो मशिदीत गेला.

रईसाने नमाज आटोपली आणि सब्जाचं सरबत करायला घेतलं. मंगळ, बुध, गुरू. तीन पुरे झाले. खरं तर आधी दहा गरिबांना जेवू घालायचं असतं, पण त्यासाठी हारूनकडे हात पसरावा लागला असता, आणि त्याने कारण विचारलं असतं. मोडलेल्या कसमेचा कफ्फारा, प्रायश्चित्त म्हणून मायने सांगितलेली दुसरी वाट हीच होती, लागोपाठ तीन रोजे.

ढवळताना चमचा ग्लासावर वाजला. कपाटाच्या दाराआड फोन धरून उभी असताना त्या दिवशीही असाच वाजला होता. तिने चमचा काढून ठेवला, फोन उघडला आणि ते वाक्य पुसून टाकलं.

दोन वर्षांपूर्वी बाणकोटच्या जेटीवर हुसेनमियाँनी तिचं मनगट धरलं होतं. "तो येतो म्हणतो, येत नाही. तू आण त्याला, पोरी. कसाही आण." ती हो म्हणाली होती.

सरबत एका दमात पिऊन तिने स्टूल ओढलं आणि आवाज न करता कपाटावरच्या बॅगा खाली काढायला लागली.